पालीहून किती दूर? हलत्या चित्रांच्या शिकवणीची शंभर वर्षे

१/ बीडहून मांजरसुंब्याकडे निघाले की थोड्याच अंतरावर पाली लागते. जवळच बिंदुसरा धरणाचे पाणी, समोर बालाघाटाच्या टेकड्या आणि मधून जाणारा धुळे-सोलापूर महामार्ग. या गावातील एखाद्या मुलीचा हात चित्रकलेत चांगला आहे आणि वहीतले आपले चित्र चालावे, उडावे, बोलावे असे तिला वाटते, अशी कल्पना करू. ही विद्या शिकण्यासाठी तिला किती दूर जावे लागेल?

२/ हाच प्रश्न १९१२, १९५६, १९९५ आणि आज अशा चार काळांना विचारला, तर मराठी मुलखातील सचेतपटाचा, म्हणजेच ॲनिमेशनचा, एक वेगळा इतिहास दिसू लागतो. त्यात गाजलेल्या चित्रपटांपेक्षा शिकणारे महत्त्वाचे ठरतात. विद्येचे दार कोणासाठी उघडले, केव्हा उघडले आणि कोण बाहेर राहिले, हा या धाग्याचा विषय आहे.

३/ सुरुवात कॅमेऱ्याच्याही आधीपासून. सिंधुदुर्गातील कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाचे कलावंत चित्रकथी सादर करतात. रामायण-महाभारतातील प्रसंगांची सुटी चित्रे एकामागून एक प्रेक्षकांसमोर धरायची आणि गायन-निरूपणातून कथा पुढे न्यायची, अशी ही रीत. या परंपरेशी नाते सांगणाऱ्या चित्रांना अभ्यासक ‘पैठण शैली’ म्हणतात. आणि पैठण तर बीड जिल्ह्याच्या शेजारी, गोदावरीच्या काठी.

४/ चित्रकथीत चित्र स्थिर असते. दोन चित्रांमधली हालचाल प्रेक्षक मनात पूर्ण करतो. ही कला शिकण्याची जागा म्हणजे घर. पोथी ज्या घरात, विद्याही त्याच घरात. बाहेरच्याला ती पाहता येई, शिकता येत नसे. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा या घरगुती शाळेची ओळख अनेकांना प्रथमच झाली.

५/ आता १९१२. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात शिकले होते. चित्रकला, छायाचित्रण, छपाई ही सारी अंगे त्यांच्या हाताखालून गेली होती. तरीही चित्रपट कसा करतात, हे सांगणारा कोणी येथे नव्हता. त्यासाठी त्यांनी फेब्रुवारी १९१२ मध्ये थेट लंडन गाठले.

६/ लंडनच्या त्या छोट्या मुक्कामात फाळक्यांनी निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओतील काम जवळून पाहिले, विल्यमसन कॅमेरा खरेदी केला आणि ते परतले. आता प्रश्न भांडवलाचा होता. न पाहिलेल्या वस्तूवर पैसे कोण लावणार? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा त्याच्यासमोर रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ नियमाने त्याचे थोडे थोडे चित्रण केले.

७/ पडद्यावर ते चित्रण सलग दाखवले, तेव्हा पाहणाऱ्यांसमोर अंकुर फुटला, वर सरकला आणि त्याचा वेल झाला. या छोट्याशा फितीने भांडवलदाराची खात्री पटली आणि ‘राजा हरिश्चंद्र’चा मार्ग मोकळा झाला. ३ मे १९१३ रोजी तो चित्रपट मुंबईत प्रदर्शित झाला. भारतीय कथापटाच्या उंबरठ्यावर असा एक वाटाणा उभा आहे, आणि त्यात ॲनिमेशनचे मूळ तत्त्व आहे: एक फ्रेम टिपायची, थांबायचे, थोडा बदल होऊ द्यायचा, मग पुढची फ्रेम.

८/ पुढे १९१५ साली फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केला. आगकाड्या हाताने किंचित सरकवायच्या आणि दर वेळी एक फ्रेम घ्यायची. पडद्यावर मात्र काड्या आपोआप हलताना दिसतात. साहित्य म्हणून एक काडेपेटी पुरेशी होती. या साऱ्या उद्योगात सरस्वतीबाई फाळके यांचा वाटाही मोठा. फिल्मला छिद्रे पाडणे, ती धुणे ही कामे त्या शिकल्या आणि त्यांनी ती निभावली. लंडनहून आलेली विद्या घरातील दुसऱ्या व्यक्तीपर्यंत पोहोचली, ती स्वयंपाकघराला लागून चाललेल्या या कामामुळे.

९/ त्या वेळी पाली कोठे होती? बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मुंबई इलाख्यातील कलाशाळा मराठवाड्याच्या मुलांसाठी परमुलखात होती, आणि तेथून पुढे लंडन. अंतर नुसत्या मैलांत मोजून भागत नव्हते. जे. जे.चे शिक्षण, इंग्रजीचे ज्ञान आणि प्रवासासाठी विम्याची पॉलिसी गहाण टाकण्याइतकी ऐपत, ही तीन कुंपणे ओलांडूनच फाळके तेथवर गेले होते.

१०/ त्यानंतर काही तुरळक प्रयत्न झाले. १९३४ साली पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीतून ‘जंबूकाका’ हा रेखाटलेला सचेतपट बाहेर आला. त्याच वर्षी कलकत्त्यात गुणमय बॅनर्जी यांनी ‘द पी ब्रदर्स’ केला. पण असे काम एखाद्या जिद्दी माणसाभोवती उभे राही आणि त्याच्याबरोबर थांबे. शिकवणारी संस्था नसेल तर प्रत्येक पिढीला पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागते. वीस वर्षे तसेच झाले.

११/ १९५६ हे वर्ष दोन अर्थांनी महत्त्वाचे. १ नोव्हेंबरला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि मुंबई ही बीडची राजधानी झाली. त्याच वर्षी मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग सुरू झाला. अमेरिकेच्या तांत्रिक साहाय्य योजनेतून क्लेअर वीक्स हे डिस्नेचे अनुभवी ॲनिमेटर तेथे शिकवायला आले. त्यांचा जन्म भारतातलाच, मिशनरी आईवडिलांच्या घरचा.

१२/ वीक्स यांच्या हाताखाली तयार झालेल्या चमूने १९५७ साली जातककथेवर आधारित ‘द बनियन डियर’ पूर्ण केला. त्या चमूत राम मोहन नावाचा तरुण होता. त्याची पदवी रसायनशास्त्राची. कलाशाळेचे प्रमाणपत्र त्याच्याजवळ नव्हते. तरी तो आत गेला, शिकला आणि पुढे भारतीय ॲनिमेशनचा आधारस्तंभ ठरला. २०१४ साली राम मोहन यांना पद्मश्री मिळाली. दार थोडे उघडले की काय घडू शकते, याचे हे उदाहरण.

१३/ त्या विभागात काम कसे चाले, हे समजून घेणे आवश्यक आहे. खालून उजेड येणाऱ्या काचेच्या टेबलावर एकावर एक कागद ठेवायचे, म्हणजे खालचे चित्र वरच्या कागदावर दिसते. अनुभवी चित्रकार हालचालीची मुख्य चित्रे काढी: हात खाली, हात वर. या दोहोंमधली चित्रे शिकाऊ माणसाकडे येत. ती पुढे पारदर्शक सेलवर उतरवून रंगवली जात आणि कॅमेऱ्याखाली एकेक करून टिपली जात.

१४/ हिशेब करून पाहावा. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात. प्रत्येक चित्र दोन फ्रेमपुरते ठेवले तरी सेकंदाला १२, मिनिटाला ७२० आणि दहा मिनिटांच्या सचेतपटाला ७,२०० चित्रे लागतात. त्यांपैकी बहुतांश ‘मधली’ चित्रे. हे काम कंटाळवाणे असे, पण तीच खरी शाळा होती. गुरूच्या दोन चित्रांच्या मध्ये आपले चित्र बसवता बसवता वजन, वेग आणि वळण हातात उतरत असे.

१५/ १९७४ साली फिल्म्स डिव्हिजनने ‘एक अनेक और एकता’ केला. दिग्दर्शिका मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे. ॲनिमेशन भीमसेन यांचे. पक्ष्यांची आणि पारध्याच्या जाळ्याची ती गोष्ट दूरदर्शनमुळे घरोघरी पोहोचली आणि एका पिढीची आठवण झाली. टीव्ही गावात आला, तसे हलते चित्रही गावात आले. ते काढण्याची विद्या मात्र मुंबईतील मोजक्या टेबलांपाशीच राहिली. पाहणारे लाखो आणि शिकणारे बोटांवर मोजण्याइतके.

१६/ तरी एक पाया गावातही पडत होता. शासकीय रेखाकला परीक्षा, म्हणजे शाळेतल्या मुलांची ‘एलिमेंटरी’ आणि ‘इंटरमीजिएट’. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन हे तिचे विषय. आज ती दहावीच्या वाढीव गुणांसाठी ओळखली जाते. पण वस्तूवरील छाया-प्रकाश पाहण्याची सवय, पाहिलेला प्रसंग आठवून मांडण्याची सवय आणि कंपासाने वक्ररेषा आखण्याची शिस्त, ही ॲनिमेशनची पूर्वतयारीच आहे.

१७/ आता संगणकाकडे. १९६३ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ तयार केले. प्रकाशलेखणी पडद्यावर टेकवून रेषा काढता येत. त्याच सुमारास फ्रान्समध्ये मोटारींच्या पत्र्याची वळणे गणिताने मांडण्याचे काम सिट्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो आणि रेनोमध्ये पियेर बेझिए करत होते. काही बिंदू आणि त्यांना जोडलेल्या दांड्या फिरवून वक्ररेषा घडवण्याची ती रीत ‘बेझिए वक्र’ म्हणून आजच्या जवळजवळ प्रत्येक चित्रण-सॉफ्टवेअरमध्ये आहे. मोटारीच्या कारखान्यातील वळण असे चित्रकाराच्या हाती आले.

१८/ १९९५ साली पूर्णपणे संगणकावर घडलेला ‘टॉय स्टोरी’ आला, आणि १९९६ साली पुढे ‘फ्लॅश’ म्हणून गाजलेले सॉफ्टवेअर. त्यात सुरुवातीची आणि शेवटची फ्रेम ठरवली की मधल्या फ्रेम यंत्र भरून देई. मुंबई-पुण्यात ॲनिमेशनचे खासगी वर्ग वाढले. पण यंत्रे महाग, मूळ सॉफ्टवेअरचे परवाने महाग आणि वर्गांचे शुल्क भरपूर. गावातल्या मुलीसाठी लंडनचे अंतर पुण्यापर्यंत आले होते. तिजोरीचे कुंपण मात्र तसेच उभे होते.

१९/ या टप्प्यावर एक अडचण निर्माण झाली, आणि तिची चर्चा कमी होते. मधली चित्रे यंत्र काढू लागले, म्हणजे शिकाऊची खुर्चीच गेली. पूर्वी नवखा माणूस त्या कंटाळवाण्या कामातून घडत असे. आता त्याच्यापुढे पहिल्याच दिवशी मुख्य चित्र ठरवण्याचे काम येते, आणि त्यासाठी लागणारी नजर ज्या पायरीवर तयार व्हायची ती पायरीच उरलेली नाही. सोय झाली खरी, पण शिक्षणाची जबाबदारी शिकणाऱ्याच्या एकट्याच्या खांद्यावर आली.

२०/ संगणकातील जाणकारांना हे लवकर उमगले. डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या दोन ज्येष्ठांनी १९८१ साली आपल्या ग्रंथात ॲनिमेशनची बारा तत्त्वे मांडली होती. १९८७ साली पिक्सारच्या जॉन लॅसेटर यांनी संगणकतज्ज्ञांसाठी शोधनिबंध लिहून हीच पेन्सिलीची तत्त्वे त्रिमितीय चित्रांनाही कशी लागू पडतात, हे दाखवले. साधन बदलले तरी मूळ पाठ तोच राहतो, याची ही कबुली होती.

२१/ तो मूळ पाठ म्हणजे उसळता चेंडू. समजा, चेंडू पहिल्या फ्रेमला वर आहे, तेराव्याला जमिनीवर आणि पंचविसाव्याला पुन्हा वर. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर खाली यायला अर्धा सेकंद लागतो, आणि अर्ध्या सेकंदात वस्तू सुमारे सव्वा मीटर पडते. या उंचीचे सोळा भाग करावेत. गॅलिलिओने दाखवल्याप्रमाणे समान काळातील अंतरे विषम संख्यांनी वाढतात. म्हणून पहिल्या तीन फ्रेममध्ये एक भाग, पुढच्या तीनमध्ये तीन, मग पाच, मग सात.

२२/ आता हेच ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये करून पाहावे. तीन ठिकाणी कीफ्रेम दिल्या की मधल्या फ्रेम ते स्वतः भरते. पण चेंडू जमिनीजवळ येताना हळू होतो, जणू पाण्यात बुडतो आहे. कारण सॉफ्टवेअर प्रत्येक कीफ्रेमपाशी गती आपोआप मऊ करते. गुरुत्वाकर्षण त्याला ठाऊक नसते. आलेखाच्या खिडकीत जाऊन तेराव्या फ्रेमवरील दांडीचा प्रकार ‘व्हेक्टर’ केला, म्हणजे वक्राला तेथे टोक येते आणि चेंडू खरोखर आपटतो.

२३/ त्यापुढची पायरी आकाराची. आपटण्याच्या क्षणी चेंडू थोडा चपटा करावा आणि तितकाच आडवा वाढवावा, म्हणजे त्याचे आकारमान कायम राहते. प्रत्येक उसळी आधीपेक्षा कमी उंच आणि कमी वेळेची ठेवावी. चपटेपणा जास्त दिला तर चेंडू रबराचा वाटतो, अजिबात न दिला तर लोखंडाचा. पूर्वी मधली चित्रे काढताना मिळणारे शिक्षण या एका अभ्यासातून बरेचसे परत मिळवता येते. अट एकच: प्रत्येक फ्रेम थांबवून पाहायची.

२४/ तिजोरीचे कुंपण कसे मोडले, हीदेखील एक कथा आहे. ब्लेंडरची कंपनी अडचणीत येऊन बंद पडली, तेव्हा त्याचे नेदरलँड्समधील जनक टोन रोसेंडाल यांनी २००२ साली लोकांकडे हात पसरला. अवघ्या सात आठवड्यांत एक लाख युरो जमले, हक्क विकत घेतले गेले आणि सॉफ्टवेअर सर्वांसाठी मुक्त झाले. द्विमितीय सचेतपटांसाठीचे सिन्फिग २००५ साली असेच मुक्त झाले. २०२५ साली ऑस्कर मिळवणारा लॅटव्हियाचा ‘फ्लो’ ब्लेंडरवरच घडला. तेच साधन पालीतही फुकट उतरवून घेता येते.

२५/ उरले भाषेचे कुंपण. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखालील ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने त्यावर उपाय शोधला. सुमारे दहा मिनिटांचे पाठ. पडद्यावर सॉफ्टवेअर जसेच्या तसे, आवाज भारतीय भाषांत. जिंप, इंकस्केप, ब्लेंडर, सिन्फिग हे त्यातील काही विषय, आणि प्रकल्पातील अनेक पाठांना मराठी आवाज आहे. अर्ध्या पडद्यावर पाठ, अर्ध्यावर सॉफ्टवेअर. ऐकायचे, थांबवायचे, करून पाहायचे. शिक्षक गावात नसतानाही शिकता यावे, अशीच त्याची बांधणी आहे.

२६/ अर्थात सर्व कुंपणे गेली, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. ब्लेंडरला बऱ्या क्षमतेचा संगणक लागतो. साध्या मोबाइलवर ते चालत नाही. एमएस-सीआयटीमुळे संगणक तालुक्यापर्यंत आला, पण त्या अभ्यासक्रमाचा रोख संगणक-साक्षरतेवर होता, चित्रावर नव्हे. घरातल्या एकाच फोनवर मुलीचा हक्क कितवा, हा प्रश्नही आहेच. मोबाइलवरील फ्रेममागून फ्रेम काढण्याची साधी ॲप आणि वहीच्या कोपऱ्यातील उलटचित्रे यांपासून सुरुवात मात्र आजच करता येते.

२७/ बीड शहरापर्यंत रेल्वेगाडी यायला २०२५ साल उजाडले. स्वस्त इंटरनेट त्याआधीच आले होते. म्हणजे पालीहून मुंबईला जाणाऱ्या रुळांच्या आधी मुंबईची विद्याच पालीला पोहोचली. १९१२ साली जे अंतर लंडनचे होते, १९५६ साली मुंबईचे आणि १९९५ साली पुण्याचे, ते आज गावातल्या एका टेबलावर येऊन थांबले आहे. टेबलावर संगणक कोणाला मिळतो आणि त्यापाशी बसायला वेळ कोणाला मिळतो, एवढेच ठरायचे बाकी आहे.

२८/ फाळक्यांच्या कुंडीतील वाटाण्याने आपला वेग बदलला नव्हता. तो रोज वाढत होता तसाच वाढला, आणि ते पाहण्यासाठी एका माणसाने महिनाभर धीर धरला. सॉफ्टवेअरने सेल, रंग आणि कॅमेरा यांचा खर्च वाचवला. तो धीर अजून कोणत्याही सॉफ्टवेअरबरोबर मिळत नाही. पालीच्या त्या मुलीने वहीवर पहिला चेंडू काढावा, दुसऱ्या पानावर तो किंचित खाली घ्यावा आणि पाने उलटून पाहावीत. तिची शाळा तेथून सुरू होते.